वाणी जयराम मुंबईतून हद्दपार झाल्या नव्हत्या

पावसाळा तोंडावर आला की आणि पुन्हा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, म्हणजे स्मृतिदिनाच्या आसपास, पार्श्वगायिका वाणी जयराम यांच्याविषयीचा एक मजकूर मराठी वाचकांमध्ये हातोहात फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गोष्ट मात्र तीच राहते. ‘गुड्डी’ चित्रपटातल्या ‘बोले रे पपीहरा’ या एकाच गाण्याने एक मुलगी रातोरात प्रसिद्ध झाली. लता मंगेशकर यांच्या वर्चस्वामुळे हिंदी चित्रपटसृष्टीची दारे तिला लगेच बंद झाली. हताश होऊन ती मद्रासला परतली. स्वतः तमिळ असल्यामुळे तिथे तिला पोटापुरते काम मिळत राहिले. आणि अखेरपर्यंत उपेक्षित राहून ती गेली. असा त्या मजकुराचा सारांश आहे.

हे लिहिणाऱ्यांना आणि पुढे पाठवणाऱ्यांना वाणी जयराम यांच्याविषयी मनापासून आपुलकी आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान सनावळीसमोर ठेवले की कोसळते, आणि ज्या गाण्यांमुळे ही गायिका मोठी ठरली त्यांचा त्यात एका ओळीनेही उल्लेख नसतो. तिच्यावर झालेल्या अन्यायाची गोष्ट सांगता सांगता तिचे गाणेच पुसले जाते. मला सगळ्यात जास्त खटकते ते हेच, म्हणून एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक वाटते.

‘एका गाण्याने रातोरात’ हे पहिले विधान. कलैवाणी हे त्यांचे माहेरचे नाव. ३० नोव्हेंबर १९४५ रोजी वेल्लोरला, तमिळ घरात त्यांचा जन्म झाला आणि लहानपणापासून त्यांनी कर्नाटक संगीताची रीतसर तालीम घेतली. कडलूर श्रीनिवास अय्यंगार आणि आर. एस. मणी ही त्यांच्या गुरूंपैकी दोन नावे. मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्या स्टेट बँकेत नोकरीला लागल्या, तिथून हैदराबादला बदली झाली आणि जयराम यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्या मुंबईला आल्या. स्वतः सतार शिकलेल्या पतीच्या आग्रहावरून त्यांनी पतियाळा घराण्याचे उस्ताद अब्दुल रहमान खान यांच्याकडे हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण घेतले आणि पुढे त्यासाठी बँकेची नोकरीही सोडली. म्हणजे १९७१ साली ‘गुड्डी’ प्रदर्शित झाला तेव्हा पंचविशीतल्या या बाईंच्या पाठीशी दोन्ही पद्धतींची मेहनत होती. ‘बोले रे पपीहरा’ ही मियाँमल्हार रागातली चीजवजा रचना त्यांना पेलता आली ती त्या मेहनतीच्या बळावर.

त्यातही मराठी वाचकांनी विसरू नये अशी एक गोष्ट आहे. ‘गुड्डी’चेच संगीतकार वसंत देसाई यांनी या आवाजाला ‘गुड्डी’च्या आधी मराठीत गाऊन घेतले होते. बाळ कोल्हटकर यांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकातले ‘ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी’ हे देसाईंनी चाल दिलेले पद. त्याच्या ध्वनिमुद्रिकेत कुमार गंधर्वांच्या जोडीला वाणी जयराम आहेत. कन्नड मातृभाषेचे कुमारजी, तमिळ मातृभाषेच्या वाणी आणि कोकणातले वसंत देसाई अशा तिघांनी मिळून मराठी मनात कायमचे घर केलेले ते पद घडवले. देसाईंना कर्नाटक तालमीच्या गळ्याची ओळख आधीपासून होती. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायलेल्या ‘मैत्रीं भजत’ या प्रार्थनेची चाल त्यांचीच. त्यामुळे वाणी जयराम यांची निवड हा एखाद्या चमत्काराचा किंवा योगायोगाचा भाग होता, असे मानण्याचे कारण नाही. आणि ‘गुड्डी’तही त्यांचे गाणे एकच नव्हते. ‘हम को मन की शक्ति देना’ महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत आजही प्रार्थना म्हणून गायले जाते, आणि ते म्हणणाऱ्या मुलांना त्या आवाजाचे नाव सहसा कुणी सांगत नाही.

यानंतर ‘दारे बंद झाली’ हे विधान घेऊ. सगळ्यात जास्त पुढे पाठवले जाते ते हेच. ‘गुड्डी’नंतरच्या दशकात वाणी जयराम यांनी संगीतकार जयदेव यांच्याकडे ‘परिणय’ आणि ‘सोलवां सावन’ या चित्रपटांसाठी गायन केले. ओ. पी. नय्यर यांनी १९७८ च्या ‘खून का बदला खून’मध्ये ज्या नव्या आवाजांवर विसंबून गाणी केली, त्यांत पुष्पा पागधरे आणि उत्तरा केळकर या आपल्या गायिकांसोबत वाणी जयराम होत्या. आणि १९७९ साली गुलजार यांच्या ‘मीरा’साठी पंडित रविशंकर यांनी मीरेची पदे त्यांच्याकडून गाऊन घेतली. त्यातल्या ‘मेरे तो गिरिधर गोपाल’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ज्या गायिकेला १९७१ नंतर हिंदीत येऊच दिले नाही असे सांगितले जाते, तिने आठ वर्षांनी आलेल्या चित्रपटातल्या हिंदी गाण्यासाठीच त्या क्षेत्रातला सर्वांत चर्चेतला पुरस्कार घेतला, या वस्तुस्थितीचे काय करायचे, ते हा मजकूर सांगत नाही.

‘मीरा’चाच संदर्भ देऊन काही जण उलट बाजूने तीच गोष्ट रंगवतात. लता मंगेशकर यांनी तो चित्रपट नाकारला हे खरे आहे. परंतु त्याचे जे कारण नोंदले गेले आहे ते साधे आहे. बंधू हृदयनाथ यांच्या संगीत दिग्दर्शनात त्यांनी मीरेची भजने आधीच गायली होती आणि तेच काव्य दुसऱ्या चालीत पुन्हा गाणे त्यांना पटले नाही. त्यांच्या नकारामुळे एक उत्तम काम वाणी जयराम यांच्याकडे आले. कुणी कुणाची वाट अडवली, या कथेला हा प्रसंग कोणत्याही बाजूने आधार देत नाही.

त्या काळच्या हिंदी चित्रपटसृष्टीत नव्या गायिकेला जागा कमी होती, हे मात्र मी नाकारत नाही. स्त्रीगीतांचा मोठा वाटा दोन आवाजांकडे जात होता, निर्मात्यांना ओळखीचा आवाज हवा असे, आणि संगीतकारालाही एका तासात गाणे तयार करून देणारी गायिका सोयीची वाटे. ही व्यवस्थेची गोष्ट आहे, आणि तिची झळ त्या काळातल्या अनेक गायिकांना लागली. परंतु व्यवस्थेचे वर्णन करणे वेगळे आणि एका व्यक्तीवर कटाचा आरोप करणे वेगळे. या मजकुरात त्या आरोपासाठी एकही तारीख, एकही ध्वनिमुद्रण, एकही साक्षीदार दिलेला नसतो. उलट जे कारण सहज सापडते ते गाळलेले असते: त्यांचे गुणग्राहक वसंत देसाई २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात गेले. नव्या गायिकेसाठी आग्रह धरणारा संगीतकार असा अचानक जातो, तेव्हा तिच्या वाट्याची कितीतरी गाणी त्याच्याबरोबर जातात.

आता ‘हताश होऊन परत’ आणि ‘पोटापुरते काम’ या जोडविधानाकडे वळतो. इथे थोडे सविस्तर थांबणे भाग आहे, कारण खरी वाणी जयराम इथेच आहे.

दक्षिणेतली त्यांची गाणी १९७३ पासूनच सुरू झाली होती, म्हणजे ‘गुड्डी’ला दोन वर्षे होतात न होतात तोच. मल्याळम् चित्रपटात त्यांना पहिल्यांदा आणले ते ‘स्वप्नम्’साठी सलिल चौधरी यांनी, जे बंगाली होते आणि मुंबईत काम करीत होते. म्हणजे दक्षिणेकडे जाणारी त्यांची एक वाट थेट मुंबईतल्याच संगीतकाराने उघडली. त्याच सुमारास तमिळ, तेलुगू आणि कन्नडमधून बोलावणी येत गेली आणि काम जिथे वाढले तिथे त्या राहायला गेल्या. १९७४ च्या ‘दीर्घ सुमंगली’तले ‘मल्लिगै एन् मन्नन् मयंगुम्’ हे संगीतकार एम. एस. विश्वनाथन यांचे गाणे तमिळनाडूत घरोघरी पोहोचले. दिग्दर्शक पुट्टण्णा कणगाल यांच्या ‘शुभमंगळ’मधले ‘ई शतमानद मादरि हेण्णु’ कन्नड श्रोत्यांना आजही तोंडपाठ आहे.

आणि तमिळ असल्यामुळे हे आयते मिळाले, असे म्हणणाऱ्यांनी त्या वेळचे मद्रास डोळ्यांसमोर आणावे. तिथे पी. सुशीला होत्या, ज्यांना पार्श्वगायिकेसाठीचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार १९६८ सालासाठी मिळाला होता. तिथे एस. जानकी होत्या, ज्यांच्या गळ्याची अभिनयक्षमता आजही अभ्यासाचा विषय आहे. एल. आर. ईश्वरी होत्या. या तिघींच्या समोर नव्याने उभे राहणे मुंबईइतकेच कठीण होते. शिवाय तेलुगू, कन्नड, मल्याळम् यांपैकी एकही त्यांची मातृभाषा नव्हती. तिथल्या श्रोत्यांना उच्चारातली चूक चटकन ऐकू येते आणि ते ती सहज माफ करीत नाहीत.

अशा मैदानात त्यांनी काय केले ते पाहा. १९७५ साली दिग्दर्शक के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगळ’ या तमिळ चित्रपटात श्रीविद्या यांनी उभ्या केलेल्या भैरवी या गायिकेचा आवाज वाणी जयराम झाल्या. ‘एळु स्वरंगळुक्कुळ’ ही रागमालिका आहे. राग बदलत जातात आणि तरीही शब्दांचा अर्थ कुठे तुटत नाही. त्यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटासाठी मिळाला. दुसरा १९७९ सालासाठी दिग्दर्शक के. विश्वनाथ यांच्या तेलुगू ‘शंकराभरणम्’बद्दल. त्यात सदाशिव ब्रह्मेंद्रांचे ‘मानस संचररे’, म्हैसूर वासुदेवाचार्यांचे ‘ब्रोचेवारेवरुरा’, भद्राचल रामदासांचे ‘ए तीरुग ननु’ अशा परंपरेतल्या रचना चित्रपटाच्या मोजक्या मिनिटांत बसवायच्या होत्या, आणि त्याही ज्यांनी त्या मैफलीत आयुष्यभर ऐकल्या आहेत अशा श्रोत्यांसमोर. संगीतकार के. व्ही. महादेवन यांनी हे काम त्यांच्यावर सोपवले, यातच त्यांच्या तालमीची पावती आहे.

तिसऱ्या पुरस्काराचे मला सर्वाधिक अप्रूप वाटते. ‘स्वाति किरणम्’ हाही विश्वनाथ आणि महादेवन यांचाच चित्रपट. प्रतिभावान शिष्याचा मत्सर करणाऱ्या गुरूची ती कथा आहे, आणि तो शिष्य आहे एक लहान मुलगा. त्या मुलाचा आवाज वाणी जयराम यांचा आहे. ‘आनतिनीयरा’ ऐकताना मुलाचा निरागसपणा आणि जन्मभर रियाज केलेल्या गळ्याची सफाई, दोन्ही एकाच सुरात ऐकू येतात. १९९१ सालासाठी हा पुरस्कार मिळाला तेव्हा त्या सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. तेलुगू भाषा येत नसली तरी एकदा हे गाणे शांतपणे ऐकावे, एवढीच माझी विनंती आहे.

सनावळीतली आणखी एक गोष्ट या वादासाठी बोलकी आहे. लता मंगेशकर यांना गायनासाठीचे राष्ट्रीय पुरस्कार १९७२, १९७४ आणि १९९० या वर्षांसाठी मिळाले. वाणी जयराम यांना १९७५, १९७९ आणि १९९१ साठी. दोघींचे तीन तीन. दोनदा तर एकीच्या पाठोपाठच्या वर्षी दुसरीला. ज्यांना या दोघींना एकमेकींसमोर उभेच करायचे आहे, त्यांनी निदान हा हिशेब तरी सांगावा.

‘अखेरपर्यंत उपेक्षित’ या शेवटच्या विधानाला फार वेळ देण्याची गरज नाही. पद्मभूषण त्यांना उशिरा मिळाले, यात वादच नाही. पंचाहत्तरी उलटल्यावर तो मान येणे हे मला स्वतःला लागते. परंतु तो २५ जानेवारी २०२३ रोजी जाहीर झाला आणि ४ फेब्रुवारीला चेन्नईतल्या घरी त्यांचे निधन झाले. तो मरणोत्तर जाहीर झाल्याचे जे लिहिले जाते ते चूक आहे. तमिळनाडू सरकारने पोलीस मानवंदना देऊन त्यांना निरोप दिला. त्यांच्या निधनाआधी दोनच दिवस, २ फेब्रुवारीला, के. विश्वनाथ गेले होते. त्या आठवड्यात आंध्र, तेलंगण आणि तमिळनाडूत ‘शंकराभरणम्’ आणि ‘स्वाति किरणम्’ची गाणी एकाच वेळी दोघांच्या आठवणीसाठी वाजत होती, आपल्याकडे मात्र त्याच आठवड्यात पुन्हा एकदा ‘बोले रे पपीहरा’ आणि त्याखाली तोच जुना मजकूर फिरत होता.