शेपटी बघून अ‍ॅडव्हर्ब ओळखता येत नाही

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर इंग्रजी व्याकरणाची एक ‘ट्रिक’ वर्षानुवर्षं फिरते आहे. तिचा मथितार्थ असा: शब्दाच्या शेवटी एलवाय (ly) असेल तर तो अ‍ॅडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण, नसेल तर नाही. अ‍ॅडजेक्टिव्हला म्हणजे विशेषणाला एलवाय जोडलं की अ‍ॅडव्हर्ब तयार. तो फक्त क्रियापदाबद्दल सांगतो आणि क्रियापदाला चिकटून येतो. पाठ करायला सोपं आहे. पण प्रश्न काढणाऱ्यांनाही ही ट्रिक ठाऊक असते, आणि सापळा ते नेमका तिथेच लावतात.

आधी एलवायचंच बघू. ‘फॅमिली’ आणि ‘बटरफ्लाय’ ही नामं, ‘अप्लाय’ आणि ‘रिलाय’ ही क्रियापदं. इथे सहसा कुणी फसत नाही. घात होतो तो ‘फ्रेंडली’, ‘कॉस्टली’, ‘लव्हली’, ‘काउअर्डली’ यांच्यापाशी, कारण हे सगळे अ‍ॅडजेक्टिव्ह आहेत. म्हणून ‘ही स्पोक फ्रेंडली’ चालत नाही, ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली वे’ म्हणावं लागतं. (‘फ्रेंडलिली’ शब्दकोशात सापडतो, पण तो वापरायच्या फंदात फारसं कुणी पडत नाही.)

या गोंधळाचं मूळ जुन्या इंग्रजीत आहे. तिथे ‘लीच’ हा प्रत्यय विशेषणं घडवायचा आणि ‘लीचे’ हा क्रियाविशेषणं. बोलता बोलता दोन्ही झिजले आणि दोघांचंही ‘ली’च उरलं. त्यामुळे शेपटीपेक्षा तिच्या आधी काय आहे ते बघणं जास्त कामाचं. आधी नाम असेल (फ्रेंड, कॉस्ट, काउअर्ड) तर बहुधा अ‍ॅडजेक्टिव्ह, आधी अ‍ॅडजेक्टिव्ह असेल (स्लो, क्विक) तर बहुधा अ‍ॅडव्हर्ब. ‘बहुधा’ मुद्दाम म्हटलं. ‘अ किंडली ओल्ड मॅन’मधला ‘किंडली’ या वाटेने जात नाही, आणि ‘डेली’, ‘वीकली’, ‘अर्ली’ दोन्हीकडे नांदतात.

एलवाय नसेल तर अ‍ॅडव्हर्ब नाही, हे तर एका दमात निकालात निघतं: नेव्हर, ऑफन, सून, व्हेरी, वेल, हिअर. ‘फास्ट’ मात्र थोडा वेळ मागतो. ‘अ फास्ट ट्रेन’मध्ये तो अ‍ॅडजेक्टिव्ह, ‘द ट्रेन रन्स फास्ट’मध्ये अ‍ॅडव्हर्ब. जुन्या इंग्रजीत अशा क्रियाविशेषणांच्या शेवटी ‘ए’ हा एक जादा स्वर असायचा. तो गळून पडला आणि दोन्ही रूपं सारखी दिसू लागली. ‘फास्टली’ प्रमाण इंग्रजीत नाही, मग बायोडेटात तो कितीही रुबाबदार वाटो.

आता ‘एलवाय जोडा’ हा सल्ला. तो पाळून मुलाखतीत ‘आय वर्क हार्डली’ म्हणणारा उमेदवार प्रत्यक्षात सांगत असतो की मी जेमतेमच काम करतो. कष्ट करण्यासाठी ‘हार्ड’च हवा. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘निअर’ म्हणजे जवळ, ‘निअरली’ म्हणजे जवळजवळ.

उलट काही वेळा क्रियापदानंतर एलवाय नसलेलाच शब्द बरोबर असतो. ‘द फ्लॉवर्स स्मेल स्वीट’ हे योग्य, कारण गोडवा फुलांचा आहे, वास घेण्याच्या क्रियेचा नाही. ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसली, ‘शी लुक्ड अ‍ॅट हिम अँग्रिली’ म्हणजे तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं. क्रियापदाच्या जागी ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ ठेवून पाहा. वाक्य टिकलं आणि अर्थही साधारण तोच राहिला तर पुढे अ‍ॅडजेक्टिव्ह हवा. ही चाचणी त्या ट्रिकपेक्षा कितीतरी भरवशाची.

आपल्याला इथे आणखी एक अडचण येते, ती मराठीमुळे. ‘तो चांगला खेळतो’, ‘ती चांगली गाते’ असं आपण सहज म्हणतो. शब्द क्रियेबद्दल सांगतो, पण वळतो कर्त्याच्या लिंगाप्रमाणे, अगदी विशेषणासारखा. त्याच सवयीने ‘शी सिंग्ज गुड’ तोंडून जातं. तिथे ‘वेल’ हवा.

अ‍ॅडव्हर्ब फक्त क्रियापदाबद्दल सांगतो, यावर फार शाई खर्चायला नको. ‘व्हेरी टॉल’मध्ये तो अ‍ॅडजेक्टिव्हबद्दल सांगतो, ‘टू क्विकली’मध्ये दुसऱ्या अ‍ॅडव्हर्बबद्दल, आणि ‘फॉर्च्युनेटली, द बस वॉज लेट’मध्ये अख्ख्या वाक्याबद्दल.

राहिलं चिकटून येण्याचं. ‘ती अस्खलितपणे इंग्रजी बोलते’ ही मराठीतली सरळ रचना, म्हणून ‘शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’ आपल्याला खटकत नाही. पण इंग्रजी क्रियापदाला आपलं कर्म शेजारीच लागतं. अ‍ॅडव्हर्ब मध्ये घुसवायचा नाही, म्हणून ‘शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली’. ‘ऑलवेज’, ‘ऑफन’सारखे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी बसतात, पण एकटा ‘इज’ असेल तर त्याच्यानंतर: ‘ही ऑलवेज कम्स लेट’, पण ‘ही इज ऑलवेज लेट’. या शेवटच्या जोडीत ‘लेट’ आधी अ‍ॅडव्हर्ब आहे आणि मग अ‍ॅडजेक्टिव्ह, रूप मात्र तेच.