अंबाळ्यात टाकलेलं अंबाळ्यातच राहते!

अस्थी घेऊन रामटेकला येणाऱ्यांना हात जोडून सांगून झालं, आता ओरडूनच सांगावं लागते: अंबाळा हा तलाव आहे, नदी नाही! वैनगंगेत सोडलेलं निदान पुरासोबत पुढे जाते. तेही वाईटच, कारण खालच्या गावाच्या नळाला तेच पाणी येते. पण अंबाळ्याला धारच नाही. टेकड्यांच्या कुशीत साचलेलं पाणी ते. त्यात टाकलेलं जाणार कुठे?

तिसऱ्या दिवशी राख सावडली की घरचे लोक निघतात. अस्थी मडक्यात, मडकं लाल फडक्यात, फडकं प्लॅस्टिकच्या पन्नीत आणि पन्नीला वरून सुतळीची करकचून गाठ. सुमारे ५० किलोमीटर नागपूरहून यायला वेळ असतो, गाठ सोडायला दोन मिनिटं नसतात. अख्खं गाठोडं फेकून देतात! पन्नीत हवा कोंडलेली असते, म्हणून ते बुडत नाही. वाऱ्याने परत काठाला येते आणि पायरीला टकटक धडकत राहते. ज्या मायबापाला मोकळं करायला आलात, त्यांच्या अस्थी पन्नीत कोंडून गेलात. काहून? कोणत्या शास्त्रात लिहिलं आहे हे?

अस्थी पाण्यात विरघळत नाहीत, हाड ते हाडच. म्हणून मूठभर पुरतात. बाकीची राखड पोतंभर आणून ओतायची काही गरज नाही. ती शेतात गेली तर मातीला लागते, तलावात गेली तर शेवाळाचं खाद्य होते. पिंडाचा भात, कणीक, झेंडूचे हार, सगळं तळाशी जाऊन सडते आणि सडताना पाण्यातला प्राणवायू खाते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, की समजून घ्या, त्यांना खाली श्वास उरलेला नाही. पुण्य म्हणून टाकलेल्या पिठाने मासे मारायचे, आणि मासोळीवर पोट असलेल्या ढिवराने मग काय करायचं?

सगळ्यात संताप येतो तो कपड्यांचा. आंघोळ झाली की अंगावरचं तिथंच सोडायचं, ही रीत सुती धोतर-लुगड्याच्या काळातली. सूत कुजत होतं. आताची साडी पॉलिस्टरची, ती कुजत नाही. वैशाखात पाणी ओसरलं की भेगाळलेल्या चिखलातून साडीचे काठ वर येतात, कधीचे कोण जाणे, पण जरीची चमक तशीच्या तशी! पाण्याखालच्या पायरीवर तीच साडी म्हाताऱ्या माणसाच्या पायात गुरफटते. सीतामाईच्या स्नानाने रामगिरीचं पाणी पवित्र झालं असं कालिदासाने मेघदूताच्या पहिल्याच श्लोकात म्हटलं, आणि तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. मग त्या पाण्यात कपडे फेकताना हात कसा धजतो?

देवाच्या जुन्या तसबिरी तर काचेसकट सोडतात. काच पायरीवर आपटून फुटते आणि पाण्याखाली दिसत नाही. लोक आंघोळीला उतरतात ते अनवाणीच. दहाव्याच्या मुंडणाचं अर्धं ब्लेडही तिथंच, केसांच्या गुंत्यात. हा निष्काळजीपणा नाही, हा दुसऱ्याच्या पायावर केलेला वार आहे.

आणि ते चकचकीत द्रोण! त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत दिवे सोडायला चांदीसारखे कागदी द्रोण विकत घेतात. वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून पाणी मुरत नाही, द्रोण विझलेल्या वातीसकट कित्येक दिवस तरंगतो. अरे, हा पळसाचा मुलूख आहे! बांधावर पळस, रानात पळस, काडीने टोचलेले पानांचे द्रोण आजही बाजारात मिळतात. पळसाचा द्रोण भिजतो, जड होतो, खाली जातो, कुजतो. त्यात इवलासा कणकेचा दिवा अन् कापसाची वात ठेवली तर मागे न कुजणारं काही उरत नाही.

कचरापेटी वर रस्त्याजवळ ठेवायची आणि खाली ओल्या हाताने उभ्या माणसाने पायऱ्या चढून तिथवर जावं अशी अपेक्षा करायची, हेही चुकीचं. पेटी पूजा होते त्या पायरीशेजारी हवी आणि झाकणाला कडी हवी, नाहीतर माकडं उलटून टाकतात. पण पेटी नाही म्हणून तलावात टाकायचा हक्क मिळत नाही. येताना एक रिकामी पिशवी घरूनच आणा. गाठ सोडा, मूठभर अस्थी हाताने पाण्यात सोडा, मडकं, फडकं, पन्नी परत न्या. तसबिरीची काच घरीच काढा. हार-फुलं हातभर खड्ड्यात पुरा, वर माती ओढा. ओले कपडे पिळून पिशवीत भरा, धुऊन गरजूला द्या.

आणि अंबाळ्यावरून गडाच्या पायऱ्या चढताना खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू, खाणाऱ्यांनो, ती घोटलेली पन्नी खिशात ठेवा. पाऊस पडला की पायरी-पायरीने ती खाली वाहत येते, आणि खाली अंबाळाच आहे.