उसनं मूल

"मॅम, तुमचं किड कुठंय?"

गेल्या शनिवारी पुण्यातल्या एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, गेम झोनच्या दारात उभ्या असलेल्या मुलीनं मला हे विचारलं. मी म्हटलं, मीच. तिला हसू आलं नाही. तिनं हातातल्या पेनानं मागची पाटी दाखवली. मोठ्या माणसांना लहान मुलाशिवाय आत प्रवेश नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

पाचशे रुपयांचं कार्ड मी आधीच घेऊन बसले होते. ते शेजारच्या खिडकीतून मिळतं आणि त्या खिडकीत मुलाबाळांची चौकशी होत नाही. तिथं फक्त 'पैसे परत मिळणार नाहीत' एवढंच लिहिलेलं आहे.

"सेफ्टीसाठी असतं, मॅम."

सेफ्टी मलाही कळते. पोरं खेळतात तिथं कुणीही सोम्यागोम्या येऊन उभा राहू नये, हे शंभर टक्के मान्य. पण 'मूल कुठंय' हा प्रश्न मला लग्नानंतर ज्यांनी ज्यांनी विचारायचा त्यांनी विचारून झालेला आहे. सासूबाईंच्या भिशीतल्या बायकांनी, हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणींनी, एकदा तर गॅस सिलिंडर आणून देणाऱ्यानंसुद्धा. त्या सगळ्यांना पुरून उरल्यावर आता तो प्रश्न प्रवेशद्वारावर तिकिटासारखा तपासला जाणार असेल, तर माझं डोकं फिरणारच.

आणि मला आत हवं काय होतं? काचेतून दिसत होतं. ट्रॅम्पोलिनच्या पलीकडे, 'रेट्रो' असं निऑनमध्ये लिहिलेल्या कोपऱ्यात, एका मशीनवर मुस्तफा लागला होता.

ज्यांना मुस्तफा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं 1993 साली काढलेला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकवर आधारलेला. त्यात गाडी आहे, डायनासोर आहेत, जॅक नावाचा नायक आहे, हॅना आहे, मेस नावाचा धिप्पाड गडी आहे. पण आपल्याकडच्या पोरांनी नायकाला बाजूला सारलं, डायनासोरांना हिंग लावून विचारलं नाही, आणि टोपी घालून उडत लाथ मारणाऱ्या मुस्तफाच्या नावानं अख्खा गेम करून टाकला. कॅपकॉमला हे कुणी कळवलं असेल असं वाटत नाही.

साताऱ्यात आमच्या लहानपणी एसटी स्टँडजवळच्या एका बोळातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये हे मशीन होतं. रुपयाला एक पितळी कॉइन. दाराला पडदा, आत अंधार, विड्यांचा वास, आणि 'शाळेच्या गणवेशात प्रवेश नाही' अशी खडूनं लिहिलेली सूचना, जी वाचून पोरं शर्ट काढून बनियनवर आत जायची. मुलींबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. माझे दोन चुलतभाऊ आत जायचे आणि मी पडद्यापाशी त्यांची दप्तरं सांभाळत उभी राहायचे. खाऊचे पैसे तिघांचे असायचे, हे इथं नमूद करते, कारण ते दोघंही हा लेख वाचणार आहेत.

त्यातला थोरला स्वयंपाकघरातला गॅस लायटर दप्तरात घालून आणायचा. कॉइनच्या फटीजवळ टिकटिक करून ठिणगी पाडली की मशीनला कॉइन पडल्याचा भास व्हायचा आणि फुकट चान्स मिळायचा. लायटर ज्या दप्तरात असायचा ते दप्तर अर्थात माझ्याकडे. काकू घरी काड्यापेटी शोधत बसलेली असायची.

दुपारी दोनच्या सुमाराला पार्लरमध्ये काळं कुत्रं नसायचं. तेव्हा गल्ल्यावरचे काका कंटाळून म्हणायचे, "ये पोरी, खेळ एखादा चान्स." मी खेळायचे. बरी खेळायचे. भाऊ म्हणायचे, तू हॅना घे, ती बाई आहे. मी मुस्तफाच घ्यायचे. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

आता कुणी म्हणेल, एवढी हौस होती तर घरी खेळायचं. मुस्तफा घरच्या कन्सोलवर कधी आलाच नाही. घरच्या डब्यावर मारिओ होता, काँट्रा होता, टँक होता. हा डबा म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीच्या, टीव्हीला जोडायच्या 1983 सालच्या फॅमिकॉम कन्सोलची नक्कल. आपल्या पिढीनं अस्सल क्वचितच पाहिला. त्यात खोचायच्या गेमच्या कार्ट्रिजवर '9999999 इन 1' लिहिलेलं आणि आत तेच दहा-बारा गेम नावं बदलून. चालेना की कार्ट्रिज काढायचं आणि जोरात फुंकर मारायची. त्या फुंकरीचा काही उपयोग नसतो, उलट तोंडातल्या ओलाव्यानं पट्ट्या गंजतात, हे फार उशिरा वाचलं. चालायचं ते काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. तरी आजही कुठलाही यूएसबी चालेनासा झाला की माझ्या तोंडाचा चंबू होतोच.

धाकट्या भावानं तो डबा जपून ठेवला आहे, बदकं मारायच्या बंदुकीसकट. दिवाळीत आम्ही तो त्याच्या नव्या, भिंतभर टीव्हीला जोडला. मारिओ आला. 1985 सालचा हा अख्खा गेम 40 किलोबाइटमध्ये बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या सुप्रभातच्या गुलाबाला त्याहून जास्त जागा लागते. मग 'डक हंट' लावला. एकही बदक पडेना. नेम धरून, टीव्हीला नळी टेकवून मारलं तरी नाही. पडद्यावरच्या गवतातून गेममधलं ते कुत्रं वर येऊन खिदळायला लागलं. भावानं बंदूक उघडली, स्वच्छ केली, फुंकरही मारली. दोष बंदुकीचा नव्हताच. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड बघतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर चौकोन तत्क्षणी यायचा. हे नवे पातळ टीव्ही चित्र दाखवण्याआधी जरासा विचार करतात, तेवढ्यात बंदुकीची बघायची वेळ टळून गेलेली असते. टीव्ही सव्वा लाखाचा आणि त्याला बदक मारता येत नाही. त्या कुत्र्याला गोळी घालायची सोय घरच्या गेममध्ये ठेवली नव्हती, याबद्दल मी जपानला माफ केलेलं नाही.

तर मॉल. मी काउंटरपासून बाजूला झाले. समोर दोन मसाज खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एकीत चाळिशीचा एक गृहस्थ डोळे मिटून थरथरत पडला होता. पोट वेगळ्या तालात, गाल वेगळ्या तालात. शेजारी नऊ-दहा वर्षांचा मुलगा बापाच्या मोबाइलवर काहीतरी उडवत बसला होता.

"मू-ऊ-ऊल पा-आ-हिजे का, मॅ-अ-डम?"

मला वाटलं मला भास झाला.

"ऐ-ऐकलं मी. आ-आ-आमचा न्या की."

"अहो, असं कसं?"

"त्या-त्याला काय होतंय. मा-माझी अजून सा-आ-आत मिनिटं बाकी आहेत." खुर्चीनं त्याच्या मणक्यातून काहीतरी वर सरकवलं आणि तो कळवळून थांबला. मग अटी सांगायला लागला. स्लश द्यायचं नाही, सर्दी होते. ट्रॅम्पोलिनवर सोडायचं नाही, आत्ताच मसाला डोसा झालाय. बाथरूमला जायचं म्हणाला तर दोनदा विचारायचं, कारण पहिल्यांदा तो खोटं बोलतो. "आणि प-प-परत आणा. हिचा फोन आला तर मी सां-सांगतो तो माझ्या डो-डोळ्यांसमोर आहे."

मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला नियम होता तो. त्या नियमामुळे एक बाप नाव-गाव न विचारता स्वतःचं पोरगं एका अनोळखी बाईच्या हवाली करत होता.

"कुठला गे-गेम खेळायचाय त्याला?"

"त्याला नाही. मला. मुस्तफा."

खुर्ची चालूच होती, पण माणूस थरथरायचा थांबला. कसा ते देव जाणे. त्यानं डोळे उघडले. "तुम्ही? मुस्तफा?" मॅडमची ताई झाली. "ताई, अहो आपण तर एका कॉइनमध्ये गेम खलास करायचो. अख्खा. इचलकरंजीत विचारा कुणालाही."

महाराष्ट्रात आज अडतीस ते पन्नास या वयाचा जो पुरुष भेटेल त्यानं मुस्तफा एका कॉइनमध्ये संपवलेला असतो. मी आजवर याला अपवाद बघितलेला नाही. हे सगळे खरं बोलत असतील तर पार्लरवाल्यांनी जागेचं भाडं कशातून भरलं? कॉइन खायला बनवलेली मशीनं ती. पण बोलायला कुणाचं काय जातं.

"शेवटचा बॉस कोण होता?" मी विचारलं. बॉस म्हणजे स्टेजच्या शेवटी ज्याला हरवायचं तो.

"शेवटचा ना? तो... मोठा."

"मोठा म्हणजे?"

"म-मोठा हो. असा." त्यानं हात पसरले, खुर्चीनं ते हलवले.

"डॉक्टर फेसेंडन," मी म्हटलं. "आधी माणूस असतो, मग राक्षस होतो."

"तेच तर म-म्हणतोय मी. डॉ-डॉक्टर. मोठा."

त्याच्या चेहऱ्यावर तसूभरही लाज नव्हती. उलट, परीक्षकानं चुकीचा प्रश्न काढल्याचा भाव होता. "पण ताई, लेडीज कुठं यायच्या पार्लरला? आमच्याकडं तर एक पण नव्हती." मी सांगितलं, असतील, पडद्याबाहेर बघायचं राहून गेलं असेल. ते त्याला कळलं नाही. तोवर खुर्ची त्याच्या पोटऱ्या आवळायला लागली होती आणि माणूस पुन्हा हेलकावे खात परलोकात गेला.

मुलाला घेऊन मी दारात गेले. मुलीनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि दोघांच्या मनगटावर सारख्या नंबराच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. एवढ्यावर मी आई झाले. यासाठी काही मैत्रिणींनी दवाखान्यात लाखो रुपये घातलेत.

एका चान्सला एकोणऐंशी पॉइंट. एकोणऐंशीच का? ऐंशी नाही, शंभर नाही? पाचशेला भागून बघा. सहा वेळा जातात आणि वर सव्वीस उरतात. त्या सव्वीसात तिथं काहीही मिळत नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. मग सव्वीस वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुन्हा कार्ड भरतो. हे ज्यानं योजलं त्याला कुठल्याही बोळातल्या पार्लरवाल्यानं वाकून नमस्कार करावा. रुपयाच्या कॉइनला निदान बाकी नसायची.

मी मुस्तफा घेतला. पोरगं स्क्रीनकडे बघून म्हणालं, "आंटी, हे अजून लोड नाही झालं."

"झालंय."

"मग ठोकळे का दिसतायत?"

"असंच असतं ते."

"वर कॅडिलॅक लिहिलंय. गाडी कुठंय?"

"तिसऱ्या स्टेजला येते."

"मग स्किप करा ना दोन."

मी उत्तर दिलं नाही, कारण बोटांना सगळं आठवत होतं. पिंप फोडायचं, आतलं खायचं, बंदूक आधी उचलायची. पहिली स्टेज गेली. दुसरीही जवळजवळ गेली. सुरेवाला बुचर समोर आला, माझी पॉवर अर्ध्याच्या वर होती, आणि खांद्यावर कुणीतरी टकटक केलं.

गणवेशातला एक मुलगा. "मॅम, तुमचं किड बॉल पिटमध्ये गेलंय. पॅरेंटनी किडसोबत थांबायचं असतं."

"हा बॉस संपला की येते."

"नाही मॅम, रूल आहे."

"हे काय, मी धरतो," पाठीमागून आवाज आला. खुर्चीची मिनिटं संपली होती. आपलं पोर आत आहे असं सांगितल्यावर बापाला मनगटपट्टीशिवाय सोडलं होतं. त्यानं मला कोपरानं हळूच बाजूला केलं, जॉयस्टिक पकडली आणि म्हणाला, "कशाला वाया घालवायचं, ताई."

मी बॉल पिटपाशी गेले. हजारो रंगीत चेंडूंतून फक्त एक डोकं दिसत होतं. बाहेर त्याचे बूट, मोजे, पाण्याची बाटली आणि बापाचा मोबाइल. बॉल पिटवाल्यानं ते सगळं उचलून माझ्या हातात दिलं, आणि मी ते घेतलं. तिथून रेट्रो कोपरा स्पष्ट दिसत होता. इचलकरंजीचा चॅम्पियन मुस्तफाला सरळ सुऱ्यावर नेऊन उभा करत होता. उडीचं बटण कुठलं ते त्याला माहीत नव्हतं. पॉवर गेली, एक लाइफ गेली, दुसरी गेली. स्क्रीनवर पुढचा चान्स घेण्यासाठीचे उलटे आकडे सुरू झाले.

"ताई! कार्ड! कार्ड टाका लवकर!" तो तिथून ओरडला. "आठ झाले! सात!"

कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. पर्सवर बूट होते. बूट खाली ठेवायचे तर मोजे पडत होते. मी मोजे आधी नीट गुंडाळले.

"ताई, चार! अहो, तीन!"

पर्सची चेन अडकली. म्हणजे, अडकली असं मी त्याला सांगितलं.

शून्य झाल्यावर तो हात झटकत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बटणं ढिली आहेत त्याची."