ससा दहावा होता

काल मी संस्थेला लेखी खुलासा दिला. अख्खा मजकूर एका ओळीचा: 'सशाचा दहावा नव्हता, ससा दहावा होता.' खाली सही, तारीख. 19 वर्षं बालवर्ग घेतेय, पण असला कागद पहिल्यांदाच लिहिला.

झालं असं, की क्रम शिकवायचा होता. चार वर्षांचं पोर एक ते वीस घडाघडा म्हणतं, पण 'पाचवा ठोकळा आण' म्हटलं की पाचच्या पाच ठोकळे पोटाशी धरून घेऊन येतं. त्यातून आपली भाषा. एक-दोन-तीन-चार पाठ करून घ्यायचं आणि मग सांगायचं, आता पहिला-दुसरा-तिसरा-चौथा. पाचव्यापासून 'वा' लागतो. तो पोरांना इतका आवडतो की ती उलटी मागं जाऊन एकवा, दोनवा, तीनवा करून येतात. खरं तर पोरांचंच बरोबर आहे. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावीस'साठी 'वीस दोन' आलं तेव्हा विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. 'एकवा'च्या बाजूनं बोलायला अजून कुणी उभं राहिलेलं नाही.

शिवाय लिंग. इंग्रजीच्या बाईंनी 'फोर्थ' एकदा शिकवला की त्या सुटल्या. माझ्याकडे चौथा हत्ती, चौथी खार, चौथं माकड, आणि माकडाला केळं द्यायचं तर लगेच चौथ्या माकडाला. मराठीचा तास 20 मिनिटांचा.

म्हणून ससा-कासव घेतलं. पण मूळ गोष्टीत प्राणी दोनच, दुसऱ्यावर धडा खलास. मग मी आठ जनावरं भरती केली. पहिलं कासव, दुसरा हत्ती, तिसरी खार अशी करत नववी गोगलगाय आणि दहावा ससा. गोगलगायसुद्धा पुढे गेली, एवढा तो झोपला होता.

आता आजोबा. नातू नवीन, रडका, म्हणून त्यांना पंधरा दिवस वर्गात बसायची परवानगी आहे. लाल प्लॅस्टिकच्या वीतभर खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसतात. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर. नातू दुसऱ्या दिवशी रडायचा थांबला, आजोबा यायचे थांबले नाहीत.

"मॅडम, एक शंका. कासव पहिलं म्हणजे निघताना की पोचताना?"

"पोचताना."

"मग तसं स्पष्ट नमूद करा. ज्येष्ठता यादीत यावरूनच कोर्टकचेऱ्या होतात."

पाचव्या उंटापाशी पुन्हा हात वर. "सोपं करून सांगू का? म्हणा बाळांनो, पाचवा शहाण्णव, सहावा दोन हजार सहा, सातवा सोळा!" वेतन आयोग. 22 पोरं एका सुरात 'सातवा सोळा' म्हणाली. आम्हाला सातवा सोडाच, पहिलाही लागू नाही. आमचं मे महिन्याचं मानधन कापतात, कारण मे महिन्यात पोरं नसतात. असो.

झोपलेला दाखवायला मी कापडी ससा सतरंजीवर आडवा ठेवला होता. कान पसरलेले, डोळा एकच. दुसरा गेल्या वर्षी हरवला की कुणी गिळला, ते निष्पन्न झालं नाही. त्याच्याकडे बोट करून मी म्हटलं, "आणि दहावा..."

"अहो, शुभ बोला!"

"दहावा ससा म्हणतेय, आजोबा."

"तरी. मुलांसमोर तो शब्द नको. नऊ अधिक एक म्हणा."

मुलांसमोर नको म्हटल्यावर 22 माना गर्रकन वळल्या. "दहावा म्हणजे काय?" मी तोंड उघडेपर्यंत आजोबांनी खुर्ची पुढं ओढलीसुद्धा. नदीचा घाट, पिंड, कावळा, कावळा शिवत नाही म्हणजे माणसाची इच्छा मागं राहिलेली. सांगितलं मात्र झकास, हे कबूल करायला जड जातं. माझ्या उंटापासून जांभया देणारी पोरं मांड्या घालून बसली. कुणाला शू लागली नाही.

मग एक मुलगी हळूच म्हणाली, "ससा उठत नाहीये."

"झोपलाय गं," मी म्हटलं.

"त्याची इच्छा राहिली असेल," दुसरा म्हणाला.

"गाजर!" तिसरी ओरडली. (दुसरा-तिसरी मी म्हणतेय. त्यांना अजून येत नव्हतं.)

कुणाच्या डब्यातलं गाजर, कुणाची पोळी, कुणाचा शिरा, असं पान खिडकीत गेलं. आजोबांनी सगळ्यांना हात जोडायला लावले. "गाजर देऊ म्हणा." "गाजर देऊऽऽ!" आमच्या खिडकीशी कावळे असतातच, डब्याची वेळ त्यांना माझ्यापेक्षा पक्की ठाऊक. एक आला. मान तिरकी केली, गाजराला ढुंकून न विचारता शिरा उचलला आणि उडाला. वर्गात टाळ्या. माझी घंटा झाली.

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर सुरू. 'शाळेतला ससा गेला का? कळवलं नाहीत.' 'कशानं गेला? मुलांना लागण होणार नाही ना?' 'एवढी फी घेता, एक ससा सांभाळता येत नाही?' आणि सगळ्यांत खाली, 'आजोबांनी आपली परंपरा किती सुरेख समजावली!' त्याला 14 जणांचे जोडलेले हात. मी ससा कापडी असल्याचं लिहिलं. त्याला एकही हात नाही.

खुलासा माझ्याकडून मागवला. आजोबांना गुलाबाचं फूल. आता म्हणे दर शनिवारी 'आजोबांची गोष्ट' ठेवायची आहे. वेळ कुठून काढायचा, यावर विचार झाला आणि माझ्या 20 मिनिटांतून काढायचा, असं ठरलं. बेचाळीस रुपयांचा तो ससा मी स्वतःच्या पैशानं आणला होता, हे कुठल्याच कागदावर नाही.

आज गुरुवार. सकाळी दारातच आजोबा, हातात पेढ्यांचा पुडा.

"मॅडम, एक शंका. आज मुलांना गोड द्यायचं ना?"

मला काही उलगडेना. तेवढ्यात त्यांचा नातू पुढं आला आणि एकेक बोट दुमडत म्हणाला, "सोमवारी दहावा. मंगळवारी अकरावा. बुधवारी बारावा. आज तेरावा."

एकही चूक नाही. मी पेढा घेतला.