हँडलवर फोन लावा, पण तो नव्हे

मागच्या जुलैत ताम्हिणीत पावसाने माझ्या मेहुण्याला फोन लावला.

पावसानेच. माझे दोन्ही हात हँडलवर होते. होल्डरमधल्या फोनवर थेंब पडत होते आणि टचस्क्रीनला बोट कुठलं, थेंब कुठला, काही कळत नाही. आधी नकाशा लहान झाला, मग नेव्हिगेशन बंद पडलं, मग गाणी सुरू झाली आणि सकाळी सव्वासातला हेल्मेटमध्ये झोपेतला आवाज आला, "काय दाजी, पडलात का?"

हे आठवायचं कारण, आमच्या रायडिंग ग्रुपवर परवा पुन्हा जुना वाद पेटला. एका नव्या पोराने विचारलं, दादा, लडाखला निघालोय, वेगळा जीपीएस घेऊ का फोनवर भागेल? झालं. अर्धे म्हणाले, पैसे वाया घालवू नकोस. ज्यांनी आधीच घालवलेत ते म्हणाले, घेच.

मी दोन्ही वापरून बसलोय. मित्राकडे गार्मिनचा झूमो, म्हणजे मोटरसायकलसाठीचा वेगळा जीपीएस आहे, त्याच्या भावाने परदेशातून आणलेला. आठ दिवस तो माझ्या गाडीवर होता. यंत्र म्हणाल तर नाव ठेवायला जागा नाही. भर उन्हात स्क्रीन स्वच्छ दिसते, ग्लोव्हज काढावे लागत नाहीत, पाऊस आला काय, गेला काय. पण त्या किमतीत माझ्या गाडीचे दोन्ही टायर आणि चेन-स्प्रॉकेट बदलून वर गोव्याला जाऊन येता येईल.

शिवाय रस्ता आज सकाळी बंद झाला, हे अशा वेगळ्या जीपीएसला सहसा फोनशी जोडल्याशिवाय कळत नाही. आमच्या पुण्यातल्या चांदणी चौकाचंच घ्या. जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे उडवला, नवे पूल आणि रॅम्प 2023 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. मधले दहा महिने तिथून रोज जाणारे आम्हीसुद्धा चुकायचो. फोनमधला नकाशा चुकतमाकत का होईना, बदलत तरी राहिला.

"पण वेगळा जीपीएस जास्त भरवशाचा," असं छातीठोक सांगणारे भेटतात. कशाच्या बाबतीत? जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात नकाशा बघत निघालेली एक गाडी रात्री थेट धरणाच्या पाण्यात गेली. पूल पाण्याखाली होता, नकाशावर रस्ता सरळ दिसत होता. एकाचा जीव गेला. तिथे कितीही महागडं यंत्र असतं तरी नकाशात जे आहे तेच त्याने दाखवलं असतं. पुढे दिवा मारून बघायचं काम आपलंच.

दुसरा गैरसमज त्याहून जुना आहे: "घाटात रेंज गेली की फोनचा जीपीएस मरतो." नाही मरत. जीपीएसचे उपग्रह 20,200 किलोमीटरवरून सिग्नल पाठवतात, त्यांना आपल्या सिमकार्डाशी काही देणंघेणं नाही. भोरहून वरंध्याला जाताना नीरा देवघर धरणाची कड लागली की माझी रेंज जाते. निळा ठिपका तेव्हाही सरकत असतो, फक्त त्याच्याखालचा नकाशा पांढरा पडतो, कारण नकाशा इंटरनेटवरून येत होता. तो घरूनच उतरवून घेतला की प्रश्न मिटला. लडाखवाल्या पोरालाही हेच सांगितलं. बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालतच नाही, पोस्टपेड लागतं. नकाशे इथूनच भरून ने.

मग फोनच लावा, असं मी म्हणतोय का? हो, पण थांबा.

तीन वर्षं मी माझा रोजचा फोन हँडलला लावून फिरलो. साडेतीनशे सीसीचं एक सिलिंडर, त्याचा धडधडाट थेट होल्डरमध्ये. एक दिवस चुलतबहिणीच्या लग्नात अंतरपाट धरला तेव्हा फोटो काढायला फोन उचलला, तर स्क्रीनवर नवरा-नवरी दोघेही विहिरीच्या पाण्यात पाहिल्यासारखे हलतायत. कॅमेऱ्यातून बारीक किर्र आवाज. दुकानदाराने फोन कानाला लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "बुलेट का?" त्याच्याकडे महिन्याला असे दोन-तीन येतात म्हणे.

आजकाल बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात फोटो हलू नये म्हणून भिंग तरंगतं ठेवलेलं असतं. इंजिनाची थरथर सतत लागली की तेच बिघडू शकतं. ॲपलने सप्टेंबर 2021 मध्ये आपल्या साइटवर हे लिहूनच ठेवलंय: जास्त ताकदीच्या मोटरसायकलला आयफोन लावू नका, स्कूटरला लावायचा तर निदान थरथर शोषणारा होल्डर वापरा. तीच कंपनी फोन वापरायला 0 ते 35 अंशांची हवा सांगते. मे महिन्यात सोलापूर रोडला एवढं तापमान न्याहारीलाच होतं. वर ऊन, आतून चार्जिंग, पूर्ण ब्राइटनेस. तापला की आधी स्क्रीन मंद होते, मग फोन हात टेकतो.

आणि माझी खरी भीती कॅमेऱ्याची नाहीच. गाडी घसरली तर सगळ्यात आधी फुटतं ते हँडलवर असतं. ज्या फोनवरून 112 लावायचा, घरी कळवायचं, पेट्रोलचे पैसे द्यायचे, तोच आपण गाडीच्या सगळ्यात पुढच्या टोकाला टांगतो. घराची किल्ली कंपाउंडच्या भिंतीवर ठेवण्यातला प्रकार आहे हा. म्हणून माझा रोजचा फोन आता जॅकेटच्या आतल्या खिशात. बॅगेत नाही, कारण गाडी एकीकडे आणि आपण एकीकडे पडलो तर बॅग गाडीबरोबर जाते.

हँडलवर बायकोचा 2018 सालचा फोन. कोपऱ्यात तडा, बॅटरी दोन तासांची, एक्स्चेंजमध्ये कुणी सातशे रुपये द्यायला तयार नव्हतं. त्यातलं सगळं पुसून ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालणारं ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप टाकलं, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक उतरवून घेतलं. सिम नाही. वायर बॅटरीवरून काढलेल्या यूएसबी सॉकेटला. ट्रॅफिक हवं असेल तेव्हा खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट.

एक खोड आहे. बरेच दिवस पडून असलेल्या फोनला इंटरनेटशिवाय उपग्रह पटकन सापडत नाहीत. कुठला उपग्रह कुठे आहे ही माहिती वरून सेकंदाला 50 बिट अशा बैलगाडीच्या वेगाने येते, सगळ्या उपग्रहांची पूर्ण यादी यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून निघायच्या दिवशी मी उठल्या उठल्या तो फोन गॅलरीच्या कठड्यावर ठेवतो आणि चहा टाकतो. चहा पिऊन होईस्तोवर त्याला आपण पुण्यात आहोत हे कळलेलं असतं.

काही जण म्हणतात, फोन खिशात ठेव आणि कानात आवाज ऐक. हायवेला उत्तम. पण चांदणी चौकात "डावीकडे वळा" ऐकू आलं की कुठली डावी, हे बघायला मान खाली जातेच.

कायद्याचं विचाराल तर 1 ऑक्टोबर 2020 पासून फोन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरायला नियमात मुभा आहे, चालवण्यावरचं लक्ष उडणार नाही या अटीवर. चालत्या गाडीवर टाइप करायला नाही. गाडी बाजूला घ्या, स्टँड लावा, मग काय ते शोधा.

पावसाचा इलाज मात्र अजून अर्धामुर्धाच आहे. थेंब सुरू झाले की फोन टाकीवरच्या बॅगेच्या पारदर्शक कप्प्यात सरकवतो. तिथे वाफ धरते, निम्मा नकाशा दिसत नाही. झूमोवाला मित्र अशा वेळी मागून हॉर्न मारत पुढे निघून जातो, आणि ते मला लागतं, खोटं कशाला बोलू.

जुन्या फोनमध्ये सिम नाही, तरी मेहुण्याचा नंबर मी त्यातून काढून टाकलाय.