रबाळ्याच्या ग्राहकांच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. मशीनवर जावा (काही प्रोग्राम चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) असताना आम्ही दुसरं जावा टाकलं, काही दिवसांत डिस्पॅच रिपोर्ट बंद पडला आणि हे सगळं पैसे काढायला केलं, असं आपण लिहिलंय. रिपोर्ट निघाला नाही की भरलेली गाडी गेटवर अडकते, त्यामुळे तुमचा राग समजतो. पण पैसे काढायचा आरोप मला मान्य नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत शेवटची ओळ बघा: पायथॉन ६४ बिट, जेव्हीएम ३२ बिट. पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा आणि जेव्हीएम म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणारा भाग. तुमचं जुनं बिलिंग ३२-बिट जावा ८ वर चालतं. ते नीट चालतंय म्हणून आम्ही त्याला हातही लावला नाही. आमचा रिपोर्ट पायथॉनमध्ये आहे आणि जेपाइप या पायथॉन-जावा जोडणाऱ्या साधनातून एक जावा लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरतो. जेपाइप जावाला पायथॉनच्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे त्याच चालू प्रोग्राममध्ये, लोड करतं, म्हणून दोघांचे बिट जुळावेच लागतात.

बरं, जावा ८ चं ६४-बिट टाकलं असतं तरी भागलं नसतं. ती लायब्ररी जावा १७ साठी कंपाइल केलेली आहे. जुन्या जावाचा कोड नव्यावर बहुतेक वेळा चालतो, नव्याचा जुन्यावर नाही. जावा ८ क्लास फाइलची (कंपाइल केलेल्या जावा कोडच्या फाइलची) आवृत्ती ५२ पर्यंतच वाचतं, १७ ची असते ६१. पायथॉन आणि जावा वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवून सॉकेटवरून (दोन प्रोग्राममधल्या नेटवर्क जोडणीवरून) जोडले असते तर बिटची अट गेली असती, १७ ची राहिलीच असती, वर सांभाळायला एक सर्व्हिस वाढली असती. एका मशीनच्या ऑफिसात मी ते कधीच करणार नाही.

म्हणून ६४-बिट जावा १७ वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं होतं. कोटेशनच्या दुसऱ्या पानावर हे लिहिलेलं आहे. नंतर मशीन साफ करताना कुणीतरी ते डबल समजून काढलं आणि जावा-होम (कोणतं जावा वापरायचं ते सांगणारी सेटिंग) जुन्या जावाकडे वळवलं.

आज संध्याकाळी एनीडेस्कवरून (दुरून मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरवरून) परत बसवून देतो, वागळे इस्टेटहून आमचं कुणी यायची गरज नाही आणि एक रुपयाही घेणार नाही. तुमच्या हार्डवेअरवाल्यांना एवढं सांगा: तो फोल्डर काढू नका, आणि पायथॉनही आम्हाला न विचारता अपडेट करू नका. जेपाइपचं बिल्ड (बसवायची तयार फाइल) पायथॉनच्या ठरावीक आवृत्तीसाठीच असतं.