ओढा सरळ केला की वावर वाचतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरानं सोलापूरच्या माढा, मोहोळकडच्या जमिनी खरडून नेल्या, तेव्हापासून एक मेसेज फिरतोय: ‘ओढा सरळ आणि खोल करा, काठावरची झुडपं काढा, दगडाचं पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर) करा, मातीचं ढेकूळही जाणार नाही.’ सोबत नव्याकोऱ्या दगडी भिंतीचा फोटो.

सरळ करण्याचं आधी बघू. वळणं काढली की तेवढाच उतार कमी अंतरात बसतो आणि पाणी सुसाट सुटतं. वेग दुप्पट झाला तर पाणी साधारण ६४ पट वजनाचा दगड ढकलू शकतं. त्यातच तळ खोल केला की काठ आणखी उंच आणि उभा राहतो, शिवाय तळाची धूप वरच्या शेजाऱ्याच्या बांधापर्यंत चढत जाते. पोकलेन तासावर मिळतं, भांडण पिढ्यान्‌पिढ्या.

झुडपांचं म्हणणं अर्धं खरं. पात्रात आडवी पडलेली बाभळ काढायलाच हवी, कारण ती धार काठावर वळवते. पण काठावरची निर्गुडी काठाजवळचं पाणी मंद करते आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. वाळ्याची मुळं तर दोन-तीन मीटर सरळ खाली जातात. फक्त आज लावून याच पावसाळ्यात काठ धरेल, ही अपेक्षा नको.

आता दगड. आमच्या ओढ्याचा काठ पुराच्या रात्री जागच्या जागी होता. तिसऱ्या दिवशी, लख्ख उन्हात, तुरीची अख्खी ओळ घेऊन बसला. काळी माती पाणी पिऊन जड झालेली. ओढा झपाट्यानं उतरला, बाहेरचा आधार गेला, आतलं पाणी मात्र अडकून राहिलं. अशा काठाला सिमेंटनं लिंपलेली भिंत लावा, मागचं पाणी तिलाच ढकलतं. उन्हाळ्यात हीच माती हात जाईल एवढी भेगाळते, तेव्हा भिंतही तडकते. दगड लावायचाच तर आधी काठ दोनास एक (दोन फूट आडवा, एक फूट उभा) उताराचा करा, मागे वाळू-खडीचा थर द्या, पाया तळाच्या खाली न्या आणि दोन्ही टोकं काठात घुसवा. काठ बहुतेकदा पायथ्यातून पोखरला जातो. पाया उघडा पडला की वरचं पिचिंग घसरलंच.

आणि तो फोटो उन्हाळ्यातला दिसतोय, ओढा कोरडा ठणठणीत. भाद्रपदातला फोटो असेल तर तो पाठवा.